आवाज दाजींचाच

ज्याचा चेहरा महाराष्ट्रातल्या घराघरानं पाहिला आहे आणि आवाज अगदी आत्ताआत्तापर्यंत एकाही घरानं ऐकला नव्हता, असा नट एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. तुम्हीही त्यांना नक्की पाहिलं असणार. नायिकेच्या बापाला पोलीस धरून नेतात तेव्हा मागं दारात उभं राहून जे गृहस्थ हळहळत मान हलवतात, ते दाजी. पंचायतीत सरपंचाच्या डाव्या अंगाला बसलेले दाजी, ‘आम्ही आमचे प्रयत्न केले’ असं म्हणून चष्मा काढणारे डॉक्टर दाजी, आणि त्याच मालिकेत चार महिन्यांनी नव्या मिशा लावून कोर्टात उभे राहिलेले वकीलही दाजीच. राहणं माकणीला, शेती तिथंच. बोलावणं आलं की लोहाऱ्यापर्यंत जीप, पुढं एसटी, आणि मांडीवर पत्र्याची पेटी. त्या पेटीत तीन फेटे, चार चष्मे, हवालदाराचा पट्टा आणि पाच तऱ्हेच्या मिशा आहेत. अक्का, म्हणजे माझी बहीण, त्या पेटीला आपली सवत म्हणते.

भूमिका केवढीही असो, दाजी तयारीत कसूर करत नाहीत. एकदा त्यांना पोस्टमनचं काम मिळालं होतं. बोलायचं काही नाही, पाकीट द्यायचं आणि निघून जायचं. त्यासाठी दाजी आठ दिवस लोहाऱ्याच्या पोस्टात बाकावर जाऊन बसले. शेवटी शेवटी तिथली मंडळी चहा सांगताना त्यांनाही धरू लागली. मी शाळामास्तर, मला राहवलं नाही. म्हटलं, “दाजी, नुसतं पाकीट तर द्यायचंय!” त्यांनी माझ्याकडे, नापास पोराकडे मी पाहतो तसं पाहिलं. “मास्तर, पाकिटात काय आसंल त्ये देणाऱ्याला हाताला कळतं. निस्तं दिलं तर त्यो पोस्टमन कशाचा?”

पण त्यांची खरी ताकद आवाजात, आणि ती मी डोक्यावर कोंबड्यांची टोपली घेऊन अनुभवली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अक्काकडे गेलो होतो. पुरावरच्या एका सिनेमात दाजींना धरणावरच्या कर्मचाऱ्याचं काम होतं आणि वाक्य होतं, ‘दरवाजे उघडले! गाव रिकामं करा!’ माणूस कसलेला, त्यामुळं तालीम घरात होणं शक्यच नव्हतं. सकाळी सहाला ते थेट गावाजवळच्या धरणाच्या भिंतीवर गेले, छातीत वारा भरून घेतला आणि वाक्य सोडलं. दुसऱ्या हाकेला खालची आळी जागी झाली, तिसऱ्या हाकेला निघाली. गाद्या, शेरडं, एका घरचा टीव्ही, अक्काच्या कोंबड्यांची टोपली डोक्यावर घेतलेला मी, सगळं शाळेच्या उंचवट्यावर. महिना वैशाखाचा, आणि धरणात त्या दिवशी म्हशीची पाठ भिजेल एवढंही पाणी नव्हतं. हे सरपंचांच्या ध्यानात आलं तेव्हा ते लालबुंद होऊन ओरडले, “आरं, पानीच न्हाय तर पळालाव कशाला?” शेरडाला कवटाळून बसलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “त्यानं सांगितलंच तसं. पानी नसलं तरी यील वाटलं.” सरपंचांच्या शिव्या खाताना दाजींचा चेहरा उजळला होता. “म्हंजी डायलॉग बसला,” एवढंच ते मला म्हणाले.

तो सिनेमा पुढं टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही सगळे जमलो. दाजींच्या आई, म्हणजे आत्याबाई, पुढंच बसल्या होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर पार गेलेली, त्या टीव्ही ऐकायच्या. पडद्यावर दाजींनी तोंड उघडलं आणि आतून भलताच, धुऊन इस्त्री केलेला आवाज आला. दरवेळी हेच व्हायचं. आमच्याकडची बोली सिनेमावाल्यांना चालत नाही म्हणून दाजींच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज बसवायचे, आणि दाजी गप्प राहायचे. आत्याबाई थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, “ह्यो कोन वरडायलाय? माझा लेक कवा यायचा?”

“माय, त्यो मीच हाय,” दाजी म्हणाले.

“तू न्हायस. तुझा आवाज मला वळखू येत न्हाय व्हय?”

दुसऱ्या दिवसापासून काम घेऊन कुणाचाही फोन आला की दाजींचा पहिला प्रश्न ठरलेला, “आवाज माझाच ठिवनार का?” पलीकडून नाही आलं की इकडून फोन बंद. दीड वर्ष गेलं. पेटीला गंज चढला. त्यातच आत्याबाईंनी अंथरूण धरलं आणि दाजींच्या हट्टाला धार आली. मी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला गेलो, “दाजी, काम महत्त्वाचं. तुमचं तोंड तर दिसतंय ना?”

“समद्यांनी बगितलंय त्ये तोंड, मास्तर,” ते म्हणाले. “जिला दिसत न्हाय तिनं काय करायचं?”



मग एका मालिकेत ट्रकवाल्याचं काम आलं. ढाब्यावरून आईला फोन करायचा, एवढाच प्रसंग. दिग्दर्शिकेचं हो-नाही चाललं होतं, तेव्हा दाजींनी फोनवरच तिला धरणाचं ते वाक्य म्हणून दाखवलं. मग ती म्हणाली, “काका, तुमचाच आवाज ठेवते.” तेवढ्यावर न थांबता दाजींनी ‘आई, तुझं जेवण झालं का?’ हे लिहिलेलं वाक्यही बदलून घेतलं, आणि पंधरा दिवस उसाच्या ट्रकवर ड्रायव्हरशेजारी बसून काढले.

मालिका संध्याकाळी सातची. “मायला कुनी सांगायचं न्हाय,” दाजींनी बजावलं. “वळखलं तर खरं.” आत्याबाईंची खाट टीव्हीजवळ ओढली. दाजी त्यांच्या पायाशी बसले, श्वाससुद्धा जपून घेत. पडद्यावर ढाबा आला, ट्रक आला, दाजींनी फोन कानाला लावला.

“माय, जेवलीस का?”

आत्याबाईंनी मान टीव्हीकडं वळवली. “जेवले की बाबा. तू कवा आलास?”

प्रसंग संपला, साबणाची जाहिरात लागली. आत्याबाईंचा हात टीव्हीच्या दिशेनं पुढं आलेला, तसाच राहिला. त्या उत्तराची वाट पाहत होत्या. पायाशी बसलेले दाजी आवाज न करता उठले, अनवाणी बाहेर गेले, दाराची कडी वाजवली आणि आत आले. “ह्यो काय, आत्ताच आलो,” ते म्हणाले. सबंध गाव उठवणारा तो आवाज नेमका तेव्हा फाटला.

आत्याबाईंनी त्यांचा हात चाचपून धरला. “घसा बसलाय की रं तुझा. कोमट पानी पी.”

आत्याबाईंना जाऊन आता वर्ष होईल. दाजींना कामं येतात, काही हातची जातात, अट तीच आहे. फोन वाजला की ते आधी घोटभर कोमट पाणी पितात आणि मग विचारतात, “आवाज माझाच ठिवनार का?”