गफूरचाचांचा वर्तमानकाळ

गफूरचाचा गेल्याचं मला कचेरीच्या ओट्यावर कळलं. त्यांचा थोरला मुलगा आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "मास्तर, अब्बा गेले." त्याला आता महिना होत आला...

निजामाच्या अमलात तालुक्याच्या कचेरीबाहेर आम्ही दोघं अर्ज लिहायला बसायचो. ते उर्दूत लिहीत. शाळेची नोकरी सुटलेला मी, मराठीत. क्रियापदावर त्यांचा फार कटाक्ष. "घडून गेलं त्याला 'था', मास्तर. माणूस जिता हाय तवर त्याला 'है'च लिहायचं. काळ चुकला की माणूस मरतो," असं ते हसत सांगायचे.

राजवटीच्या अखेरच्या वर्षी जळकोटची नागव्वा एक कागद घेऊन आली. तिच्या नवऱ्याला, बसवंताला, तिरंगा झेंडा लावल्याच्या संशयावरून ठाण्यात नेलं होतं. त्याला सोडावं, असा अर्ज चाचांनीच लिहिला होता. त्याचं हे उत्तर. वाचता वाचता चाचांचं बोट थांबलं. 'बसवंत, जळकोट का रहनेवाला था.'

"आज ठाण्यात भाकर दिलीस त्याला?" त्यांनी विचारलं.

"व्हय की चाचा, आत्ताच. मिरची कमी पडली म्हून रागावला."

चाचा तडक आत गेले, मागोमाग मी. कारकून हसला. "मुन्शी, अक्षरांवरचे नुक्ते मोजता मोजता दाढी पिकली तुमची!" त्यानं 'था' खोडून 'है' केलं. चाचांनी समाधानानं तो कागद नागव्वाच्या हाती दिला. "लिहिणाऱ्याची चूक होती बेटी. घरला जा."

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या दारातून भाकर परत आली. असा कुणी इथं नाही, एवढंच उत्तर.

चूक नव्हतीच. कुणीतरी तो शब्द विचार करून, आधीच लिहून ठेवला होता. आणि आम्ही व्याकरण सुधारून घरी गेलो. त्या दारात ठाण मांडून बसलो असतो तर... चाचा यावर कधी बोलले नाहीत. पण राजवट गेल्यावरही दर काही महिन्यांनी बसवंताचा शोध घ्यावा असा नागव्वाचा अर्ज ते मला तोंडी सांगायचे आणि मी मराठीत उतरवायचो : बसवंत हा जळकोटचा रहिवासी आहे.

गेल्या आठवड्यात नागव्वा एकटीच माझ्यासमोर बसली. "मास्तर, या बारीला 'होता' लिवा."

"का गं?"

"भाकर परत आली, तवाच मला कळलं हुतं. चाचांच्या जिवाला बरं वाटायचं, म्हून अंगठा देत हुते."

मी 'होता' लिहिलं. वाचून दाखवताना मात्र तोंडातून 'आहे' आलं. नागव्वानं माझ्याकडं पाहिलं आणि अंगठा पुढं केला.