फरशीच्या खोक्यातली चक्की

"सगळं कॉफीच्या दळणावर हाय, सावेरिओ. मशीन बिचारं काय करंल? बैल कितीबी दांडगा आसला आन् नांगराचा फाळच बोथट आसला, तर रान निघंल का?"

"म्हंजे आता नांगर घेनार तू."

"मी तसं म्हन्लो का?"

"म्हनायला कशाला पायजे, मास्त्रो? पार्सल काल आलंय. काउंटरखाली पडलंय. उचलताना माजी कंबर धरली."

एजिदिओचा चेहरा एकदम धाकट्या पोरासारखा झाला. गवंड्याला इटलीतल्या आमच्या सेनीझे गावात मास्त्रो म्हणतात, आणि एजिदिओ चिरिल्यानो हा पन्नाशी ओलांडलेला, गुडघ्यांना घट्टे पडलेला पक्का मास्त्रो होता. पण काउंटरखालून ते खोकं वर आलं तसा तो त्यावरून असा हात फिरवायला लागला, की चौकातल्या त्या कॉफीबारचा मालक सावेरिओ म्हणाला, "लगीन झाल्यावर बायकोला तरी असा हात लावला हुतास का?"

"तिचं नाव काढू नगंस. ह्यातलं अक्षर तिला कळता कामा न्हाई."

ह्या रोगाची लागण झाली मागल्या हिवाळ्यात. एजिदिओचा गुडघा धरला, तो महिनाभर घरात पडला, आणि मिलानोतल्या लेकाने बापाला विरंगुळा म्हणून छोटंसं एस्प्रेसो मशीन धाडलं. तोवर घरात कॉफी व्हायची ती गॅसवरच्या मोकाच्या भांड्यात, बायको नुन्झियाच्या हातची, आणि ती सगळ्यांना गोड लागायची. मशीनमधून पहिले आठ दिवस निव्वळ काळं गटार आलं. नवव्या दिवशी काय जमलं देव जाणे, कपात मधासारखी धार पडली आणि वर भुऱ्या रंगाची साय धरली. एजिदिओने तिच्यावर साखर टाकली. साखर क्षणभर वरच थांबली, मग आपल्या मर्जीने बुडाली. एक घोट घेतला आणि लंगडत लंगडत गडी बाल्कनीत गेला, समोरच्या घरातल्या म्हातारीला हाक मारून म्हणाला, "मावशे, मला जमलं." म्हातारीला वाटलं, चालायला जमलं. तिने मेणबत्ती लावली.

तिथून पाय घसरला तो घसरलाच. आधी कॉफी दाबायला जड दट्ट्या आला. मग गुंजभरही फरक दाखवणारा वजनकाटा आला. सिमेंट फावड्याने मोजणारा हा माणूस कॉफीचे दाणे चिमटीने उचलून परत ठेवायला लागला. मग बूड नसलेली चाळणी आली, तिच्यातून धार कुठे फुटते ते बघायला. ती फुटली ती थेट त्याच्या कपाळावर. एका रविवारी नुन्झियाने भट्टीत मेंढीचं मांस लावलेलं, तिकडे कपडे धुवायचं यंत्र गरगरतंय, आणि ह्याने मशीनचं बटण दाबलं. घराला मिळते वीज केवढी? खट्कन सगळं गेलं. भट्टी थंड, कपडे साबणात, आणि टीव्हीवरची प्रार्थना आमेनच्या आधीच बंद. एजिदिओ अंधाऱ्या जिन्याने मीटरपर्यंत उतरला, तोवर वरून नुन्झियाचा आवाज साऱ्या गल्लीने ऐकला.

"ह्या घरात कॉफीचं आनखी एक जरी खेळनं आलं, तर ते आन् तू, दोघंबी कोंबड्यांच्या खुराड्यात निजशीला."

आणि नुन्झिया बोलली की ते दगडावर कोरलं, हे त्याला तीस वर्षांत कळलं होतं.

म्हणून पार्सलातली नवी कॉफीची चक्की ठेवायची कुठे, हा प्रश्न. एजिदिओने डोकं लढवलं. कोठीत, चुन्याच्या गोण्यांमागे, न्हाणीघरासाठी आणलेल्या निळ्या फरशीची खोकी रचलेली होती. लेकीच्या लग्नाआधी आणलेली. लेकीला पोरं झाली, पोरं शाळेत जायला लागली, आणि न्हाणीघरात अजून नुसतं सिमेंट. दिवसभर दुसऱ्याच्या घरी गुडघ्यावर चालणाऱ्या माणसाला संध्याकाळी आपल्या घरी गुडघ्यावर बसवत नाही, हे त्याचं म्हणणं. ह्या जन्मी जी खोकी कुणी उघडणार नाही ती हीच. एका खोक्यातल्या फरश्या काढून त्याने चक्की आत बसवली, वर एक फरशी झाकण म्हणून ठेवली, आणि स्वतःच्याच अकलेवर इतका खूश झाला की कोठीतून शीळ घालत बाहेर आला.

मग सुरू झालं एजिदिओचं राज्य. नुन्झिया सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून चर्चात गेली, की हा कोठीत. चक्की काढायची, दाणे घालायचे, मूठ फिरवायची. घर्रर्र असा खालच्या सुरातला आवाज. दळण पडायचं ते विरलेल्या मखमलीसारखं. कप ओठाला लागला की गड्याचे डोळे मिटायचे आणि चपलांतले पायांचे अंगठे वर उचलले जायचे. कामावर तर त्याचा हात असा चालायला लागला की पाद्रीबाबांच्या ओसरीची फरशी ठरल्यापेक्षा आधी झाली. पाद्रीबाबांना वाटलं, भक्ती वाढली.

ऑक्टोबर संपत आला. घराघरांच्या बाल्कन्यांवर लाल मिरच्यांच्या माळा वाळून खुळखुळायला लागल्या. आमची मिरची गोडी, तिखट नव्हे. वाळवायची, कुटायची, वर्षभर पुरवायची. एके दिवशी दुपारी एजिदिओ जेवायला घरी आला तर अंगणात बायकांचा मेळा. मध्ये टेबल. टेबलावर त्याची चक्की. तिच्या तोंडात वाळली मिरची, आणि खाली लालभडक ढीग.

"आले बघा," नुन्झिया म्हणाली. "तीस वरसं मी खलबत्त्यात कुटत आले. ह्येनं मनात ठिवलं आन् माज्यासाठी आनली. बोलला बी न्हाई. लपवून ठिवली, मला अचंबा व्हावा म्हनून."

"आमच्याकडच्यानं तर आजवर मिठाचा खडा आनला न्हाई," शेजारची कातेरीना म्हणाली, आणि बायकांनी एजिदिओकडे अशा मायेने पाहिलं की त्याला कोंबड्यांचं खुराडं बरं वाटलं असतं.

त्याने चक्कीच्या मुठीवरची लाल पूड बोटाने पुसली. "आवडली का?"

"लई. थांब, तुला तिच्यातच कॉफी दळून देते. तुजा मान पयला."

कपात साय आली ती तांबडी. एजिदिओ प्याला. मिरची गोडी असली तरी तिची भुकटी घशात चढली आणि नाकातून, कानातून, जिथून जमेल तिथून बाहेर आली.

"कशी झाली?"

"बरी हाय."

"नुस्ती बरी?"

"लई बरी."

"मग आनखी एक घे."

दुसऱ्या दिवशी बायका पोती घेऊन आल्या. चौकात पुरुष त्याच्याशी बोलेनासे झाले, कारण घरोघरी चक्कीची मागणी उठली होती. सावेरिओ काउंटरवर डोकं ठेवून हसत होता. "मास्त्रो, नांगर झ्याक चाललाय म्हनं." तिसऱ्या दिवशी कातेरीना मक्याचं पोतं घेऊन दारात दिसली, तेव्हा मात्र एजिदिओचा धीर सुटला. तो बायकोला कोठीत घेऊन गेला.

"आगं, ती चक्की मिरचीची न्हाई."

"म्हाईत हाय. गोण्यांमागं टाकलेल्या पार्सलच्या खोक्यावर कॉफीच्या बीचं चित्तर हाय, माज्या पंजाएवढं."

"मग गं?"

"मग काय. बाई मानूस, मला काय वाचता येतंय," ती म्हणाली. नुन्झिया पोस्टात वीस वर्षं नोकरीला होती.

एजिदिओ गोणीवर बसला. "पन् ते फरशीचं खोकं उघडलंस कशापायी?"

"मी कुठं उघडलं? प्रोस्पेरोनं उघडलं."

प्रोस्पेरो हा गावातला दुसरा गवंडी. एजिदिओच्या मते त्याने बसवलेल्या फरशीवर अंडं ठेवलं तर ते आपण होऊन स्वयंपाकघरात पोचायचं.

"प्रोस्पेरो? माज्या घरात?"

"दोन नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, माजी भन आसुन्ता येतीया तुरीनहून. मागल्या खेपंला ती न्हानीत गेली, सिमेंटकडं बघितलं आन् इचारलं, तुजा नवरा गवंडीच हाय न्हवं? म्हनून प्रोस्पेरोला बोलावलं, फरशी किती भरती ते बघायला. उद्या कामाला येतोय."

"येतोय म्हंजे? माजी न्हानी तो बसवनार? गावाला काय सांगू मी?"

"सांग, कॉफी पीत हुतो."

एजिदिओ गोणीवरून उठून फरशीची खोकी मोजायला लागला. मग हळूच म्हणाला, "आसुन्ता यायच्या आत मीच फरशी बसवली, तर चक्की?"

"तर तुजी. मिरची मी खलबत्त्यात कुटीन."

"आन् खुराडं?"

"ते आसुन्ता बघून गेल्यावर ठरवू."

तिचं वाक्य संपायच्या आत त्याने बाही वर सारली होती. त्याने चक्की खोलून ब्रशने झाडली, आतले दाते पुसले, हुंगले, परत झाडले, आणि ती नुन्झियाच्या हवाली करून बादली उचलली. न्हाणीत दोरी ताणली, सिमेंटचा मसाला कालवला, आणि दुखऱ्या गुडघ्याखाली पोतं सरकवून पहिली निळी फरशी टेकवली.

चौथी ओळ चालू असताना नुन्झिया दारात कप घेऊन आली. मशीन तिनेच चालवलं होतं. त्याने घोट घेतला, जिभेवर फिरवला.

"आजून मिरची लागतीया."

"लागू दे. त्या कोपऱ्यातली एक उचलल्यागत दिसतीया बघ."

"कुठली?" कप खाली ठेवून एजिदिओ कोपऱ्याकडे रांगत गेला आणि हातोडीच्या लाकडी मुठीने फरशी ठोकायला लागला.