दुसऱ्या खुर्चीतल्या मॅडम

खुर्चीत बसण्याआधी त्या पदराच्या टोकाने कॉम्प्युटरचा पडदा पुसायच्या. एकदा आडवा, एकदा उभा. मग माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "आधी धूळ, मग आकाश." पडदा मी नुकताच पुसलेला असायचा. ते त्यांना माहीत असायचं.

तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल, ज्याच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला की हातातला चहा नकोसा होतो. देवपूरमधल्या आमच्या कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागात, माझ्या वाट्याला या मॅडम आल्या होत्या. त्या मला आवडत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं बिनसलं ते माझ्या पीएच.डी.च्या दिवशी. खुली मौखिक परीक्षा होती. जळगावहून सासरे आले होते, टेबलावर पेढ्यांचे खोके रचलेले होते. बाहेरून आलेले परीक्षक खूश दिसत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून मॅडम उठल्या.

"तुमचा शेवटचा निष्कर्ष," त्या म्हणाल्या, "तुम्हाला दिसला, की तुम्हाला हवा होता?"

सभागृहात कोणीतरी हसलं. मी काहीतरी उत्तर दिलं. पदवी मिळाली. पण जाताना सासऱ्यांनी माझ्या बायकोला विचारलंच, "त्या बाई असं का म्हणाल्या?" त्या दिवसापासून मी मॅडमशी कामापुरतं बोलू लागलो. त्या आधीपासूनच सगळ्यांशी कामापुरतं बोलत.

आणि नेमकं कामच असं आलं की बोलावं लागलं.

एका मोठ्या संशोधन संस्थेने रेडिओ दुर्बिणीने आकाशाचे काही तुकडे फार खोलवर तपासले होते, तेही उच्च वारंवारतेवर. त्या वारंवारतेवर दुर्बिणीला एका वेळी आकाशाचा एवढासाच तुकडा दिसतो, म्हणून तिथल्या मंद स्रोतांची नोंद जगात कुणाकडेच धड नव्हती. नकाशे तयार झाले होते. काळ्या पडद्यावर करडी खरखर आणि त्यात हजारो फिकट ठिपके. त्यातला एखादा ठिपका म्हणजे कुठल्यातरी दूरच्या दीर्घिकेचं केंद्र. दुसरा म्हणजे नुसतीच खरखर. तिसरा म्हणजे शेजारच्या एखाद्या तेजस्वी स्रोतामुळे उमटलेली खोटी खूण. संगणक सोपे ठिपके निवडायचा. उरलेले माणसाने बघायचे, आणि ते काम संस्थेने काही कॉलेजांना वाटून दिलं होतं. नियम असा की प्रत्येक ठिपका दोघांनी वेगवेगळा बघायचा, 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं, आणि जिथे जुळणार नाही तिथे एकत्र बसून ठरवायचं.

आमच्या विभागात रेडिओ खगोलशास्त्र येणारे दोघंच होते.

दर शनिवारी आम्ही प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एकाच पडद्यासमोर बसायचो. त्या आपली खुर्ची अशी लावायच्या की माझं कोपरसुद्धा त्यांच्या टेबलावर येऊ नये. मधल्या सुट्टीत कळण्याची भाकरी आणि ठेचा खिडकीकडे तोंड करून खायच्या. मला कधी विचारलं नाही. मीही माझा डबा स्टाफरूममध्ये जाऊन खायचो.

"हा आहे," मी म्हणायचो.

"दिसतो, की हवा आहे?"

"मॅडम, खरखरीपेक्षा कितीतरी उजळ आहे तो."

"त्याच्या उजवीकडचाही तेवढाच उजळ आहे. त्याला तुम्ही मागच्या आठवड्यात 'नाही' म्हणालात. त्या दिवशी तुम्हाला घरी जायची घाई होती."

आणि मी खरंच त्या दिवशी लवकर निघालो होतो. अशा वेळी माणसाला काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. मग मीही त्यांचे जुने निर्णय उकरून काढायचो. एकदा आवाज इतके चढले की प्रयोगशाळेतले सहायक नाना दार लोटून आत आले आणि म्हणाले, "सर, बाहेर बठ्ठं आयकू येस." त्यांनी दार लावून घेतलं आणि आम्ही पुन्हा सुरू झालो.

संस्थेतल्या ज्या शास्त्रज्ञ बाई या कामावर देखरेख ठेवत होत्या, त्या व्हिडिओ कॉलवर एकदा म्हणाल्या, "तुमच्या दोघांचं फार कमी जुळतं. मला ते आवडतं. बाकी ठिकाणी सगळंच जुळतं, म्हणजे एक जण बघतो आणि दुसरा मान डोलावतो." मॅडमनी लगेच पुढच्या ठिपक्याचं विचारलं. मला मात्र राग आला. आपलं वैर कुणाच्या उपयोगी पडतंय, हे काही आनंदाचं नव्हतं.

त्या दिवाळीनंतर काहीतरी बदललं. आधी आमचे वाद दोन्ही बाजूंनी असायचे. कधी त्या 'आहे' म्हणायच्या आणि मी 'नाही', कधी उलट. आता प्रत्येक वादात 'नाही' त्यांचंच असायचं. आधी वाटलं, त्या मुद्दाम करतायत. मग एका शनिवारी एक ठिपका समोर आला. एका तेजस्वी स्रोताजवळचा, फिकट, पण चांगला गोल. माझ्या मते त्यावर वाद व्हायचं कारणच नव्हतं.

"याला 'नाही' का म्हटलंत?"

"कुठे?"

मी त्याच्यावर माऊसचा बाण नेऊन ठेवला.

"इथे काही नाही," त्या म्हणाल्या आणि मान तिरकी करून पुढे वाकल्या. मग अजून पुढे.

मी बाण बाजूला घेतला. त्यांची नजर बाणामागे गेली नाही. ठिपका होता तिथेही ती नव्हती.

"मॅडम, तुम्हाला दिसत नाही."

मी हे चांगुलपणाने म्हणालो असं समजू नका. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी बाजू वर आली होती. त्या आता काय बोलतील याची मी वाट बघत होतो.

"कधीपासून वाटतंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"आत्ता."

"आत्ता वाटलं आणि आत्ताच सांगितलंत?"

"हो."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, पर्स उचलली आणि गेल्या.

जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. हे मला नानांकडून कळलं. मॅडमनी मला सांगितलं नाही. पुढच्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी थेट त्या शास्त्रज्ञ बाईंना सांगितलं, "दिवाळीनंतरचे माझे सगळे निर्णय रद्द धरा."

मी तिथेच बसलो होतो. सगळे निर्णय रद्द म्हणजे ते सगळे ठिपके पुन्हा बघायचे. स्रोतांची सूची रखडणार, शोधनिबंध रखडणार, आणि त्या शोधनिबंधावर माझी बढती अडकलेली. कॉल संपल्यावर मी म्हणालो, "सगळे कशाला? जिथे आपलं जुळलंय तेवढे तरी ठेवू."

"जुळलं ते मला दिसलं म्हणून, की मी अंदाजाने लिहिलं म्हणून?"

"ते तुम्हाला माहीत."

"मलाच माहीत नाही. म्हणून तर म्हणते."

"मॅडम, माझी बढती जाईल यात."

"जाईल," त्या म्हणाल्या. आवाजात सहानुभूती औषधालाही नव्हती.

बढती त्या वर्षी गेलीच. मी त्यांच्याशी बोलणं पूर्ण टाकलं. जिन्यात समोर आल्या तर मी कडेला व्हायचो, आणि त्या मला ओळखतात की नाही हेही कळायचं नाही. वर्ष संपायच्या आत त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बोदवडला भावाकडे राहायला गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. प्राचार्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यांच्या खुर्चीत एक नवा प्राध्यापक बसू लागला. हुशार, नम्र, माझ्यासाठी चहा आणणारा. "सर, तुम्ही म्हणता तसंच दिसतंय," असं म्हणायचा. शनिवारचं काम अर्ध्या वेळात आटोपायचं. प्रयोगशाळेचं दार उघडं असलं तरी चालायचं. काही महिन्यांनी शास्त्रज्ञ बाई कॉलवर म्हणाल्या, "तुमचं आता सगळंच जुळतं." त्या एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग शंकेच्या ठिपक्यांवर दुर्बीण पुन्हा, जास्त वेळ रोखली गेली. निकाल आले. तेजस्वी स्रोताजवळचा तो फिकट, गोल ठिपका खरा नव्हताच. तिथे कुठलीही दीर्घिका नव्हती, काही नव्हतं. ती खोटी खूण होती. मी 'आहे' म्हणालो होतो, त्या 'नाही'.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण सासुरवाडीला जळगावला गेलो होतो, तिथून गाडी धरली आणि बोदवडला उतरलो. का, ते विचारू नका.

त्या अंगणात बसल्या होत्या. भावजय धान्य निवडत होती. मी नाव सांगितलं. "आवाजावरून कळलं," त्या म्हणाल्या. 'बसा' म्हणाल्या नाहीत. भावजयीने खुर्ची दिली. मी निकाल सांगितला.

"म्हणजे तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो. हे वाक्य मी गाडीत तयार केलं होतं आणि ते जड जात होतं.

"नकाशात ठिपका होता ना?"

"होता."

"मग मला दिसायला हवा होता. दिसला असता, तर कदाचित मीही 'आहे' म्हटलं असतं. मला दिसला नाही म्हणून 'नाही' लिहिलं. बरोबर आलं हा योगायोग. तो निर्णय रद्दच धरा. माझ्या नावावर लावू नका."

"मी लावणार होतो."

"लावाल, म्हणून तर सांगते."

एवढ्या लांबून येऊन माफी मागावी तसं बोललो होतो आणि या बाईंनी तेही परत केलं. मी उठलो. भावजय चहाचं म्हणाली, मी नको म्हणालो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला.

"थांबा. तिथेच उभे राहा."

त्या उठून आल्या. माझ्या शेजारी पाण्याची टाकी होती. त्या तिच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. कुणा परक्याला वाटलं असतं, बाई टाकीशी बोलतायत. पण त्या मला बघत होत्या. आता त्यांना कडेनेच दिसत होतं.

"केस पिकले तुमचे," त्या म्हणाल्या.

"तुमचेही."

त्यांनी हात डोक्याकडे नेला.

"माझे मला दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता, तर असतील."