उंबऱ्यावरची माझी जागा

मी घर सोडलं त्या दिवशी मॅच चालू होती. आपल्याला जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या, हातात दोन विकेट होत्या, आणि गल्लीच्या तोंडाशी काळीपिवळी जीप हॉर्नवर हॉर्न मारत उभी होती. उदगीरहून लातूर, लातूरहून पुण्याची गाडी, आणि तिथून चाकणजवळ महाळुंग्याला. एका कंपनीत ट्रेनी म्हणून सकाळी हजर व्हायचं होतं. मायनं दशम्या बांधल्या, हातावर दही-साखर ठेवली, पदरानं डोळे पुसले. अप्पा खुर्चीतून हलले नाहीत.

"जोडी जमलीय. मी उठलो की विकेट जाते, तुला माहीत हाय. ये जाऊन. पोचलास की फोन कर."

मी पाया पडायला गेलो तर म्हणाले, "समोरून वाकू नको, बाजूनं ये." पाय तेवढे पुढे केले. नजर टीव्हीवरच.

मी उंबऱ्यावरून उठलोय हे मात्र त्यांच्या चटकन लक्षात आलं. "नित्या, दादाच्या जागेवर बस. उंबरा रिकामा ठिवू नको." नितीन माझा धाकटा भाऊ. तो ज्वारीच्या पोत्यावर बसायचा. त्यानं विचारलं, मग पोत्यावर कोण? अप्पा म्हणाले, "पोत्यानं कधी मॅच जिंकून दिलीय का?" नितीन आला आणि बसला. माझी पिशवी अजून दारात होती आणि माझी जागा भरली होती.

हे जागेचं प्रकरण बाहेरच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल, पण आमच्या घरात तो कायदा होता. मॅच सुरू झाली की ज्यानं त्यानं आपल्या जागी बसायचं, आणि जोडी खेळत असेल तर जागा सोडायची नाही. अप्पा लाकडी खुर्चीत, खाली त्यांची चपटी झालेली लाल गादी. माय चुलीपाशी, कारण एकदा ती शेंगा भाजत असताना समोरच्यांच्या ओळीनं तीन विकेट गेल्या होत्या. त्या बिचारीनं आयुष्यात एक मॅच धड पाहिली नाही. आणि मी उंबऱ्यावर. उंबऱ्यावर बसू नये, लक्ष्मी यायची वाट असते, असं माय शंभरदा म्हणायची. पण लहानपणी एकदा मी तिथं टेकलो आणि हरलेली मॅच फिरली. तेव्हापासून अप्पांनी निकाल दिला होता, "मॅच होईस्तोर लक्ष्मी मागच्या दारानं येईल. पोराला उठवू नको."

अप्पांनी माझं कौतुक केलेलं मला फारसं आठवत नाही. मार्कांवर "बरे हायत", नोकरी लागली तर "बरं झालं". पण मॅच जिंकली की ते वळून उंबऱ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बसला म्हणून जिंकलो." मला तेवढं पुरायचं.

तर ते मी नितीनला देऊन आलो.

महाळुंग्यात आम्ही एका खोलीत सहा जण राहायचो आणि कॉट तीन. फर्स्ट शिफ्टवाला उठला की नाइटवाला येऊन त्याच कॉटवर पडायचा. उशी गरम असायची. कंपनीत लाइनवर उभं राहायचं, कॅन्टीनमध्ये मिळेल तिथं बसायचं. मॅच असली की कुणाच्या तरी मोबाइलवर पाच-सहा डोकी घालून बघायचो. खांद्यावर कुणाचा कोपर, कानात प्रेस मशीनचा धाड धाड आवाज. विकेट गेली की मला वाटायचं, जाणारच. उंबऱ्यावर तो नित्या बसलाय ना.

खोटं कशाला बोलू, मी जळायचो. गावाकडचे म्हणायचे, "तुझं काय बाबा, तू सुटलास, पुण्यात हाईस." आणि मी इकडं ओव्हरटाइम करून आलो की फोनवर नितीन सांगायचा, "काल कसली मॅच झाली राव! अप्पा म्हणले, बसला म्हणून जिंकलो." माझंच वाक्य! पुढं नितीनचं लग्न झालं, पोरगा झाला, समर्थ, आणि एक दिवस कळलं की आता उंबऱ्यावर समर्थ बसतो. पाच वर्षांचं पोर. मी त्याच्यावरही जळलो. त्याच्या वाढदिवसाला बॅट पाठवली आणि मनात म्हटलं, घे, पण जागा माझी आहे.

माझंही लग्न झालं. पल्लवी चिंचवडची, ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅबमध्ये नोकरीला. तिथंच आम्ही फ्लॅट घेतला, अकराव्या मजल्यावर. रेवा झाली. आता रेवा अडीच वर्षांची आहे आणि तिला जागा या गोष्टीचाच राग आहे. कुठंही बसवा, दुसऱ्या मिनिटाला उठते.

आणि विश्वचषक आला. त्यातल्या काही मॅच आपल्या गहुंज्याच्या स्टेडियमवर, म्हणजे आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तिकिटं मिळेनात. कंपनीबाहेर सलीमभाईंचं गॅरेज आहे, माझी बाइक वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. त्यांनी तिकिटं घेऊन ठेवली होती, पण नेमकं त्याच दिवशी भाचीचं लग्न निघालं. म्हणाले, "भाऊ, तुम्ही जा. बच्चीला पण न्या. फक्त कानात कापूस घाला, फार आवाज असतो." मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली, मारलीही. शर्टाला ऑइल लागलं.

गावात बातमी गेली. नितीनचा फोन, "नशीब काढलंस राव! आम्ही टीव्हीवर शोधू तुला." पहिल्यांदाच त्याच्या आवाजात मला जरा जळका वास आला आणि मी खूश झालो. वाटलं, आता बसा तुम्ही तुमच्या उंबऱ्यावर.

स्टेडियममध्ये काय झालं ते सांगतो. पहिला अर्धा तास रेवानं टाळ्या वाजवल्या, गालावर तिरंगा काढून घेतला, पुढच्या रांगेतल्या काकांच्या टकलावर हात फिरवला. ते काका भले, म्हणाले, "राहू दे, तेवढंच मालिश." मग तिला कापूस नको झाला. मग भूक लागली. मग तिला पायऱ्यांचा शोध लागला. एक पायरी वर, एक खाली, माझं बोट धरून. मैदानात कोण बॅटिंग करतंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिला एक कावळा दिसला होता आणि त्याचं घर कुठं आहे ते हवं होतं. पल्लवी म्हणाली, तू बस, मी नेते. पण माझं मन तिथं नव्हतंच. मीच रेवाला घेऊन पॅसेजमध्ये गेलो आणि गावी व्हिडिओ कॉल लावला. अप्पांना दाखवायचं होतं, बघा, मी कुठं आहे.

फोन समर्थनं घेतला. "काका, अप्पा म्हणलालेत फोन ठिव, जोडी जमलीय."

"अरे, त्यांना सांग मी स्टेडियममध्ये आहे!"

तो बसल्या जागेवरून आत ओरडला. मग परत फोनवर आला. "अप्पा म्हणले, मग तिथं बघ की. इकडं कशाला बघलालाय?"

मी विचारलं, "तू कुठं बसलायस?"

"उंबऱ्यावर." त्यानं मोबाइल फिरवून दाखवला. झिजलेली कड, बाजूला मायच्या चपला, मागं अप्पांच्या खुर्चीची पाठ आणि त्यांचं पांढरं डोकं. एवढ्यात स्टेडियम उठलं. असा आवाज झाला की रेवा दचकून रडायला लागली. षटकार होता. सगळ्या जगानं पाहिला, मी पाहिला नाही. मी विश्वचषकाच्या मैदानात उभा राहून मोबाइलवर आमचा उंबरा बघत होतो.

आपण जिंकलो. येताना रेवा पल्लवीच्या खांद्यावर झोपली. रात्री नितीनचा मेसेज आला, "अप्पा म्हणाले, समर्थ बसला म्हणून जिंकलो." मी गहुंज्यात हजर असून माझं नाव नाही!

दिवाळी झाली आणि पल्लवीनं परस्पर मायला फोन करून दोघांना बोलावून घेतलं. अप्पांची तयारी नव्हती, फायनल तोंडावर आली होती. माय म्हणाली, "नातीपेक्षा मॅच मोठी हाय का?" मग ते पिशवीत खुर्चीवरची लाल गादी घालून आले. लातूरपासून मांडीवर धरून आणली म्हणे.

फायनलच्या दुपारी त्यांनी आमच्या हॉलची पाहणी केली. डायनिंगची खुर्ची टीव्हीसमोर ओढली, गादी घातली, बसले. मायला गॅसकडं पाठवलं. पल्लवीला म्हणाले, तू पण तिकडंच. पल्लवी म्हणाली, "अप्पा, मी सोफ्यावर बसणार. हरलो तर माझं नाव लावा." ते हसले, सून म्हणून सोडून दिलं. मी उभाच होतो. छत्तीस वर्षांचा बाप्या, क्वालिटीचा सुपरवायझर, हाताखाली चौदा माणसं, आणि मला कुठं बसवतात म्हणून शाळकरी पोरासारखा त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. "इथं उंबरा नाई का?"

फ्लॅटला कसला उंबरा! दाराखाली ग्रॅनाइटची चार बोटं पट्टी आहे. त्यांनी चपलांचा रॅक सरकवायला लावला, दार उघडं ठेवलं आणि म्हणाले, "बस तिथं." मी बसलो. पाय हॉलमध्ये, पाठ लिफ्टकडं. शेजारचे येता-जाता विचारत होते, काय हो, चावी हरवली का? मी म्हणालो, नाही, मॅच आहे. मला इतकं बरं वाटत होतं की पट्टी टोचतेय हेही कळत नव्हतं.

आपली बॅटिंग होती. सुरुवातीला पडझड झाली, मग एक जोडी जमली. चौकार येत नव्हते, पण दोघं उभे होते. कुणी जागचं हलत नव्हतं. आणि रेवा अप्पांच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहिली.

"अप्पा, शू."

पल्लवी उठायला लागली, मी अर्धा उठलो. अप्पांनी हात वर केला. "कुणी हलू नका. बसा सगळे." आणि ते स्वतः उठले. अख्ख्या जन्मात चालू जोडीत न उठलेला माणूस, गुडघ्यावर हात टेकून, "चल माय, चल" म्हणत, तिचं बोट धरून बाथरूमकडं गेला. टीव्हीकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तिसऱ्या चेंडूवर विकेट गेली.

मी ओरडलो. आतून अप्पांचा आवाज आला, "गेली का?"

"गेली!"

"जाऊ दे. पोरीची चड्डी ओली झाली असती."

मला विकेटचं दुःख नव्हतं. मी पेटलो होतो. लेकीवर! अडीच वर्षांच्या, माझ्या पोटच्या पोरीवर. ते परत आले, तिला मांडीवर घेऊन बसले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, मी घर सोडलं तेव्हा का नाही उठलात? गल्लीच्या तोंडापर्यंत तरी यायचं."

अप्पा टीव्हीकडं बघत म्हणाले, "तुला काय शू लागली होती?"

पल्लवी खो खो हसली. मीही हसलो, करतो काय. पण माय गॅसपाशी पाठमोरी होती, ती हसली नाही. तिथूनच म्हणाली, "त्या दिवशी तुझी जीप वळली अन् लाइट गेली. नित्या भाईर खेळायला पळाला. हे बसूनच. मी म्हणलं, उठा की आता, काळ्या टीव्हीत काय दिसलालंय? उठले नाईत. दिवेलागण झाली, मी दिवा लावला, तरी उठले नाईत."

"हिला काय कळतंय क्रिकेटमधलं," अप्पा म्हणाले आणि रेवाच्या केसांतून हात फिरवायला लागले. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी उंबऱ्यावर बसून राहिलो.

फायनल आपण हरलो, ते सगळ्यांना माहीतच आहे. अप्पांनी कुणाचं नाव लावलं नाही.

चार दिवसांनी त्यांना गाडीत बसवून दिलं. घरी येऊन पाहतो तर लाल गादी डायनिंगच्या खुर्चीवर तशीच. मी लगेच फोन लावला, "अप्पा, गादी राहिली." ते म्हणाले, "राहिली नाई, ठिवलीय. दरवेळी कोण वागवत आणणार." आणि मग, "रेवीला बसू दे तीवर."

म्हणजे मी नाहीच. ठीक आहे. मला उंबरा आहे. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी अजून उदगीर सांगतो, पण सांगताना आता जरा अडखळतो, कारण अप्पांच्या बुडाखालची गादी ताथवड्यात आहे.

दुसऱ्या दिवशी नितीनचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, हवापाणी, समर्थची शाळा. मग म्हणाला, "दादा, अप्पांनी गादी तिकडंच ठिवली म्हणे?"

"हो."

"तिकडंच का पण? आमच्या खुर्चीवर आता काय घालायचं?"

तो आवाज मी ताबडतोब ओळखला. बारा वर्षं रोज ऐकलाय, माझ्याच पोटातून. मी त्याला म्हणालो, "नित्या, पोत्यावर बसव त्यांना." आणि देवाशपथ सांगतो, मला फार बरं वाटलं.