जिन्याकडचं लोखंडी दार

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि कचेरीतल्या बाबूंना घरं मिळेनात. चन्नबसप्पांनी आपल्या सरकीच्या गोदामावर दोन खोल्या चढवल्या. तरुणपणी उदगीरला त्यांनी दुकानांची एक अख्खी ओळ जळताना पाहिली होती. म्हणून गोदाम आणि जिना यांच्यामध्ये त्यांनी जाड विटांची भिंत घातली.

कंधारचे किशनराव, बायको सिंधु आणि गुडघ्यांनी अधू झालेली आई धुरपताबाई वर राहायला आले. शेजारच्या घरात राहणारी चन्नबसप्पांची बायको शिवगंगा दुपारी धुरपताबाईंपाशी वाती वळत बसायची.

मग दुष्काळ पडला. नळ आटले. गोदामामागच्या आडालाच तेवढं पाणी होतं, पण तिथं जायला सगळ्या गल्लीचा वळसा पडे. गोदामातून सरळ आडावर जाता यावं म्हणून शिवगंगेनं हट्ट धरून जिन्याकडच्या भिंतीत दार पाडून घेतलं. चन्नबसप्पांनी लोखंडी दार बसवलं आणि बजावलं, "हे लावूनच ठिवायचं. आग लागली तर जिना वाचला पायजे."

"डोईवर घागर, काखंत कळशी. दार कोण वढावं?" असं म्हणत तिनं दार उघडंच राहावं म्हणून त्याला दगडाची उटी लावली.

एका दुपारी गोदामातल्या विजेच्या मोटारीची ठिणगी पोत्यांच्या बारदान्यावर पडली. किशनराव कचेरीत होते, सिंधु पिण्याच्या पाण्यासाठी टँकरच्या रांगेत होती. लोकांनी आग आटोक्यात आणली. वरच्या खोल्यांना झळसुद्धा लागली नाही. पण उघड्या दारातून धूर जिन्यानं वर चढला होता. धुरपताबाई उंबऱ्यात पडलेल्या सापडल्या. कुठं भाजलं नव्हतं. जीव गेला होता.

"दगड मी लावला हुता," शिवगंगा नवऱ्याला म्हणाली.

"गप ऱ्हा. कुणाला सांगू नगंस."

किशनराव बदली मागून कंधारला गेले. शिवगंगा गप्प राहिली. चन्नबसप्पा वारल्यावर मात्र तिनं कंधारची एस.टी. धरली.

किशनरावांच्या ओसरीवर बसून तिनं सगळं सांगितलं.

"मला ठावं हाय, मावशी," किशनराव म्हणाले. "मीबी रोज त्याच दारातनं पाणी आणत हुतो. एक डाव तरी लावायचं हुतं मी."

शिवगंगेला वाटलं होतं, हा माणूस शिव्या देईल, आणि मग आपल्याला मोकळं वाटेल. आता त्याच्याकडे बघवेना.

आतून सगळं ऐकलेल्या सिंधुनं चहा पाठवला. ती स्वतः बाहेर आली नाही, शिवगंगा निघाली तेव्हाही नाही.