गठ्ठा केवढा, दार केवढं

गवत आणि किस्से, दोन्हींची तऱ्हा एकच. कोरड्या जागी रचले तर वर्षानुवर्षं टिकतात, आणि ओलसर राहिले तर आतल्या आत तापून पेट घेतात. आमच्या अण्णांच्या गोठ्यावरचे किस्से दुसऱ्या जातीचे. कितीही दाबून ठेवा, धूर येतोच!

गोठा हेब्बाळला, तळ्याच्या वरच्या अंगाला. नव्वदच्या दशकात तिथं गाड्यांपेक्षा गाई जास्त होत्या. अण्णा म्हणजे माझे चुलतभाऊ व्यंकटराव, कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर. गोठा मात्र चालवायच्या त्यांच्या थोरल्या बहीण, आमच्या अक्का. आम्ही कैक पिढ्यांचे बेंगळूरकर. घरात बोलणं मराठीत. पण गाईंशी अक्का फक्त कन्नडात बोलत. "मराठीत सांगितलं की वाद घालतात," म्हणत!

मी मल्लेश्वरमहून दर रविवारी स्कूटरनं जायचो. दूध आणायला, असं बायकोला सांगून. खरं म्हणजे भांडण बघायला.

*

भांडण गठ्ठ्यांचं. अक्का चहाच्या रिकाम्या खोक्यात वाळलेलं गवत पायानं दाबून, काथ्यानं बांधून, छोटे चौकोनी गठ्ठे करत. काखेत मारला की निघाल्या. अण्णांनी कुठल्याशा परदेशी मासिकात मशीनचं चित्र पाहिलं, दोस्ताच्या वर्कशॉपमध्ये भंगारातून तसलंच मशीन जोडलं, आणि एक दिवस माणसाच्या उंचीचा, तारांनी आवळलेला गोल गठ्ठा अंगणात आणून ठेवला. रोडरोलरचं चाकच!

"अक्का, दिवसभर हेलपाटे कशाला? हा एक उचलला की काम संपलं!"

अक्कांनी पदर खोचला, बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "उचल."

*

तो उचलायला शेजारच्या मुनियप्पाचा ट्रॅक्टर लागायचा. आणि खरी मेख तिथंच होती. गवताचं नवं गोदाम बांधून होत आलेलं, फक्त दार राहिलेलं. मोठे गठ्ठे ठेवायचे तर ट्रॅक्टर शिरेल एवढं दार हवं. आणि ट्रॅक्टर आला की अक्का कशाला हव्यात? त्यांचा मुलगा जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये न्यायला टपलेलाच होता. "केबल टीव्ही आहे, आई. आराम कर!"

ते ऐकलं त्या दिवशी अक्का गाईंशीसुद्धा बोलल्या नाहीत.

मेस्त्री दर रविवारी टेप घेऊन यायचा. "स्वामी, दार केवढं?"

अण्णा म्हणायचे, मोठं. अक्का म्हणायच्या, लहान. मेस्त्री "सरी", म्हणजे बरं, म्हणायचा आणि विडी पेटवून बसायचा. शेवटी अण्णांनी जाहीर केलं, "संक्रांतीपर्यंत दोन्ही वापरून बघू. संक्रांतीला दार ठरेल!"

*

पहिल्याच आठवड्यात अण्णांचा एक गठ्ठा सुटला. उतार तळ्याकडे. आधी सायकलवाल्याला मागं टाकलं, मग रिक्षाला. रिक्षावाला मुंडी बाहेर काढून ओरडला, "स्वल्प हॉर्न तरी मारा!" मग सिटी बसला ओव्हरटेक करून गठ्ठा बरोब्बर बसस्टॉपवर जाऊन थांबला. रांगेत.

खोटं वाटत असेल तर त्या कंडक्टरला विचारा. त्यानं धापा टाकत आलेल्या अण्णांना एवढंच विचारलं, "लगेज तुमचं का? तिकीट लागेल."

*

आता लहान गठ्ठ्यांचाही किस्सा सांगतो, नाहीतर म्हणाल मी अक्कांचा माणूस. (आहेच!)

अण्णांच्या मुलीला बघायला मंडळी आली, त्यांना गोठाही बघायचा होता. खुर्च्या अपुऱ्या. अक्कांनी गठ्ठ्यांवर चादरी घातल्या, झाला सोफा. मुलाचे वडील गौरीच्या पुढ्यात बसले. गौरी म्हणजे अक्कांची लाडकी. खाताना आवाज नाही, की थांबणं नाही.

उप्पिट्टाची बशी हातात आली तेव्हा ते गृहस्थ माझ्याहून उंच दिसत होते. कॉफी आली तेव्हा माझ्या खांद्याला लागले. केळं सोलेपर्यंत गुडघे त्यांच्या कानापाशी! माणूस सभ्य, केळं खात राहिला. शेवटी अण्णांनी हात जोडून विचारलं, "मग, काय ठरलं?"

"मुलगी पसंत आहे," ते खालून म्हणाले. "आधी मला उठवा."

*

डिसेंबरात अण्णांच्या गठ्ठ्यातून वाफ यायला लागली. गवत स्वल्प ओलं राहिलेलं, आत भट्टी पेटलेली. अण्णा घाबरून बादल्या भरायला धावले. परत येऊन बघतात तर अक्का गठ्ठ्याला टेकवून ठेवलेलं पातेलं उचलत होत्या. बेंगळूरच्या थंडीत इडलीचं पीठ कधी फुगत नाही. ते काठोकाठ फुगलेलं.

"व्यंकू," अक्का म्हणाल्या, "तुझं मशीन वाया गेलं असं मी कधी म्हणणार नाही हो!"

*

आणि मग संक्रांत आली.

आमच्याकडे त्या दिवशी जनावरं धुतात, शिंगं रंगवतात आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर गवत पेटवून त्यावरून उड्या घालायला लावतात. किच्चु म्हणतात त्याला. पहिली उडी नेहमी गौरीची. सबंध गल्ली जमलेली, डोलू वाजतोय. मेस्त्रीही टेप घेऊन हजर.

अण्णांनी सगळ्यांनी बघावं म्हणून सर्वांत मोठा गठ्ठा अंगणाच्या वरच्या टोकाला उभा केलेला, खाली दगड लावून. मुनियप्पा ट्रॅक्टर घेऊन आपल्या बैलांच्या किच्चुला निघून गेला. अण्णा गौरीला सोडायला गोठ्यात शिरले, आणि दगड सरकला.

गठ्ठा गडगडत आला, खांबाला आपटून वळला, आणि बाटलीला बूच बसावं तसा गोठ्याच्या दारात बसला. तारा चौकटीत चिणलेल्या. आम्ही ओढलं, ढकललं, आणखी घट्ट! गवत उपटावं तर मशीननं असं दाबलेलं की मूठभर निघेना. गोठ्याला दुसरं दार नाही. आतून अण्णांचा आवाज, "मुनियप्पाला बोलवा!" मुनियप्पा दुसऱ्या गावात.

रस्त्यावरचं गवत पेटवायची वेळ झाली. लोक अक्कांकडे बघायला लागले. अक्का हातात तीळगुळाची वाटी घेऊन शांतपणे गठ्ठ्यासमोर बसल्या.

"व्यंकू, गौरीला सोड आणि बाजूला हो. धुण्यारंगवण्यात तिला सकाळपासून वैरण पडलेली नाही." मग आवाज मऊ करून कन्नडात बोलावलं, "बा गौरी, बा!"

आतून काहीच आवाज आला नाही. गौरी खाताना तो कधी येतच नाही.

डोलूवाले थकून बसले. आणि गठ्ठ्याच्या मधोमध गवत हललं. आधी हळद लावलेलं एक शिंग. मग दुसरं. मग जीभ, थेट तीळगुळाच्या वाटीत! मागून सबंध गौरी. जाळ भडकला, डोलू दणाणला, आणि गौरीनं शेपूट वर करून अशी उडी घेतली की शिट्ट्या तळ्यापलीकडे गेल्या!

तिच्या मागं, त्याच भोकातून, किंचित वाकून अण्णा बाहेर आले. केसांत गवत, मिशीत गवत.

मेस्त्रीनं टेप उघडली. "स्वामी, दार केवढं?"

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं. मागं वळून भोकाकडे पाहिलं.

"एवढं पुरे," म्हणाले.