मुक्या तासाची तपासणी

गुरुपादप्पा एसटीतून रिटायर झाला, पण एसटी काही त्याच्यातून उतरली न्हाई. उदगीर डेपोत कंडक्टर म्हणून सारी नोकरी काढली अन् तिथली एकच विद्या गावात घेऊन आला: समोरचा बोलतोय ते आधी खोटं धरायचं, मग बघायचं. 'बारकं हाय हो, अजून शाळंत बी घातलं न्हाई' म्हणत आई ज्याला मांडीवर ओढायची, त्या पोराचे हा आधी दात बघायचा. तिकीट चुकवायला डोळे मिटून बसलेला गडी त्याला मागच्या दारातूनच कळायचा. खरं झोपलेल्याची मान पडती, सोंगाड्याची पापणी हालती, असं तो सांगतो. घरात सून नीलम्मा दूध तापवत असली तरी हा येऊन पातेल्यात डोकावून जातो. "दूधच हाय, मामा," ती न बघताच म्हणते.

असल्या माणसाला गावानं शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलं. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, देवणीच्या रस्त्याला लागून. गुरुपादप्पाची नात अक्षरा तिथंच तिसरीला.

आधीच्या गुरुजींच्या काळात ही शाळा कानानं कळायची. दुपारी पाढे सुरू झाले की खुरपणाऱ्या बायांना बांधावर ऐकू यायचे. त्या कलकलाटात अक्षराचा आवाज सगळ्यात वर. गुरुपादप्पा पारावर बसून लोकांना गप करायचा अन् म्हणायचा, ऐका, ही आमची.

मग गुरुजींची बदली झाली अन् हदगावकडच्या मनिषा मॅडम आल्या. त्यांनी कुलपातलं पुस्तकांचं कपाट उघडलं. मधल्या खोलीत दोऱ्या ताणल्या, धुणं वाळत घालतात तशी चिमटे लावून पुस्तकं टांगली, खाली सतरंजी टाकली. खिचडी खाऊन झाली की प्रत्येक लेकरानं हवं ते पुस्तक काढायचं अन् आपापलं वाचायचं. मनातल्या मनात. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, मूकवाचन. गावानं त्याचा 'मुका तास' केला.

अन् तिथंच गावाला शक आला. आमच्याकडं वाचन म्हणजे आवाज. मठात पोथी लागली की वाचणाऱ्याचा गळा आधी बघतात, अक्कल मागून. जे ऐकू येत न्हाई ते वाचलं कशावरून? दुपारी शाळेवरून जाणाऱ्याला आता चिमण्या तेवढ्या ऐकू यायच्या. कुणी म्हणालं, मॅडम मोबाईल बघत बसतात. कुणी म्हणालं, खिचडी जड होते, लेकरं झोपवतात. उदगीरच्या इंग्लिश शाळेची गाडी चालवणारा वीरेश ह्यात तेल ओतून राहिला होता. आमच्या शाळंत फाटकापासून पोरांचा आवाज येतो, म्हणायचा.

सगळ्यात जोर मलप्पाचा. त्याचा सत्यम तिसरीतच होता. मलप्पानं सहा-सात घरं गोळा केली अन् ठरवलं की एप्रिलच्या बैठकीत ह्या तासाचा निकाल लावायचा आणि लेकरांचे दाखले काढून त्यांना वीरेशच्या गाडीत बसवायचं. एवढी पोरं गेली की पट घसरणार, मॅडमची जागा जाणार अन् चारही वर्गांना एकटे हेडमास्तर उरणार. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अध्यक्षानं तोंडानं सांगितल्याबिगर कुणी पाऊल टाकंना. गुरुपादप्पा म्हणाला, आधी तपासतो. मनात तर त्यानं निकाल कधीच लावला होता, अन् वीरेशला अक्षराची खिडकीजवळची जागा बी सांगून ठेवली होती.

पहिल्यांदा तो खिडकीतून बघून आला. लेकरं पुस्तकात नाक घालून बसलेली, मधूनच पान उलटल्याचा आवाज. त्याला रात्रीच्या गाडीतले सोंगाडेच आठवले. दुसऱ्या दिवशी सरळ आत गेला. मॅडमनी बसा म्हटलं, पण वर हे बी सांगितलं की इथं नुसतं बसता येत न्हाई, बसंल त्यानं पुस्तक घ्यायचं. गुरुपादप्पानं एक ओढलं अन् सवयीनं गुणगुणत वाचायला लागला. दोन ओळी झाल्या न्हाईत तोवर पुढं बसलेली पुनम मागं वळली.

"आज्जा, मनात वाचा की. आमचं चुकून राहिलं."

त्यानं ओठ मिटले. ओठ मिटले की अक्षर पुढं सरकंना. उघडले की आवाज निघायचा. शेवटी पुस्तक नुसतं धरून तो लेकरांकडं बघत बसला, अन् ह्यांचं बी असंच असणार, ह्याची त्याला खात्री झाली.

तेवढ्यात मलप्पाचा सत्यम फिसकन हसला.

कुणी बोललं न्हवतं, कुणी गुदगुल्या केल्या न्हवत्या. गुरुपादप्पानं आधी आढ्याला बघितलं, पाल-बिल दिसते का. मग हळूच सरकून सत्यमच्या पुस्तकात बघितलं. पानावर एक बंद कवाड काढलेलं, कडी लावलेली, खाली दोन-तीन ओळी. चष्मा घरी राहिलेला. कवाडाला बघून कोण हसतं? पोरगं अर्धवट हाय, असं धरून तो घरी गेला.

पण दोन-तीन दिवसांनी तेच पुस्तक पुनमच्या हातात आलं. गुरुपादप्पा कोपऱ्यातून बघून राहिला. पुनम गंभीर तोंडानं पानं उलटत गेली अन् बरोब्बर त्या कवाडाच्या पानावर तोंडावर हात घेऊन हसली. आता मात्र त्याच्यातला कंडक्टर जागा झाला. पानं उलटायचं सोंग कुणी बी करंल. दोन लेकरं, दोन वेगळ्या दिवशी, एकाच जागी हसायचं सोंग कसं करतील? दोघांनी आधी ठरवलं असंल म्हणावं, तर त्या दोघांची भांडणं. एकमेकांना पाणी देत न्हाईत.

सगळी लेकरं गेल्यावर त्यानं चष्मा लावून ते पुस्तक काढलं अन् आवाज करून वाचलं. पाटलाची म्हैस स्वैपाकघरात शिरून पुरणपोळ्या खाऊन राहिलेली. कवाडाच्या पानावर पाटील बाहेरून इचारतो, आत कोण हाय? म्हैस आतून सांगते, कुणी न्हाई. मग बरं, म्हणून पाटील निघून जातो.

गुरुपादप्पाच्या नाकातून हसू निसटलं. मॅडम टेबलाजवळ होत्या. त्यांनी बघितलं अन् बघितलं न्हाई असं केलं.

म्हणजे लेकरं वाचतात. एवढ्यावर तपासणी संपायला हवी होती. पण त्याला आपल्या नातीचं हसू बघायचं होतं. त्यानं स्वतःच ते पुस्तक पुढच्या दोरीला, अक्षराच्या हाताला येईल असं टांगलं. तिनं काढलं. मन लावून बसली, बोट ओळीवर, मान हालवत. कवाडाचं पान आलं. अक्षरानं कवाडाकडं बघितलं अन् पान उलटलं.

तो सरकून जवळ बसला. नीट बघितलं तेव्हा दिसलं की अक्षरा पान संपलं म्हणून उलटत न्हाई. शेजारची उलटते तेव्हा उलटते.

संध्याकाळी ओसरीवर तिला जवळ बोलावून त्यानं इचारलं, "त्या म्हशीच्या पुस्तकात कवाड होतं, ते बघितलं का?"

"हाव."

"आत कोण होतं?"

"कवाड लावलेलं होतं ना आज्जा. मग आतलं कसं दिसंल?"

नीलम्मा आतून म्हणाली, बरोबर तर हाय. गुरुपादप्पाला पाढ्यांचा कलकलाट आठवून राहिला होता. एवढ्या आवाजात ही पोरगी सगळ्यात वर ओरडत होती, अन् त्या गर्दीत दोन-अडीच वर्षं बिनतिकीट आली होती. ज्यानं आयुष्यभर तिकिटं तपासली त्याच्याच घरातली.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमकडं गेला. तुम्हाला ठाऊक होतं अन् लपवलं, असं धरूनच गेला. मॅडमनी अक्षराला बोलावून नवं पुस्तक दिलं, एकटीला वाचायला लावलं. अक्षरानं चित्र बघून लई सुंदर गोष्ट सांगितली. पुस्तकात ती न्हवती. मॅडम म्हणाल्या, मला बी फसवलं हिनं, चूक माझी हाय, हिच्याकडून अक्षरांपासून आवाजात वाचून घ्यावं लागंल, वर्ष जाईल.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात भरली. मलप्पानं तोंड सोडलं. मॅडम एका बाजूला उभ्या. गुरुपादप्पानं नुसतं हाव म्हणायचं बाकी होतं. हाव म्हटलं की शाळा खोटी ठरत होती अन् अक्षरा गाडीत बसून जात होती. तिला वाचता येत न्हाई हे गावात कुणाला कळलं नसतं. कळलंच तर शाळेवर ढकलता आलं असतं. लोक त्याच्या तोंडाकडं बघून राहिलेले. त्यानं तोंडातलं पान थुंकून घेतलं.

"तपासलं म्या. लेकरं वाचतात," तो म्हणाला.

मलप्पा हसला. "मॅडमनं चहा पाजला वाटतं, अप्पा."

"पाजला. पत्ती कमी होती." मग मलप्पाकडं बघूनच तो म्हणाला, "तुझं सत्यम वाचतंय. माझी नात नुसती पानं उलटून राहिली."

आपल्या घरचं असं कुणी चारचौघांत बोलतं का? मलप्पाला तर ह्यात बी काहीतरी डाव दिसला. घरी जाऊन त्यानं सत्यमच्या हातात फवारणीच्या औषधाची बाटली दिली, वाच म्हटलं. पोरानं वरून खालपर्यंत वाचलं, विषाचा इशारा सुद्धा. मलप्पानं दाखला काढला न्हाई. दोन घरांनी मात्र काढलाच. अध्यक्षाची नातच शिकंना, तर ती शाळा कसली, असं ते म्हणाले. त्यांचं बी चूक म्हणता येत न्हाई. पट घसरला, पण मॅडमची जागा राहिली.

नीलम्मा सासऱ्याशी आठवडाभर धड बोलली न्हाई. पोरीची अब्रू घालवली म्हणाली.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी वीरेशनं गाडी दारात आणून हॉर्न दिला. खिडकीची जागा राखली म्हणाला. अक्षरा गाडीत बसायचं म्हणून नवं दप्तर अडकवून ओट्यावर तयार. गुरुपादप्पा गाडीजवळ गेला अन् आत डोकावला. तिकडं एका वर्गात किती लेकरं असतात, त्यानं इचारलं. वीरेशनं छाती काढून सांगितलं, साठ-पासष्ट.

"मग नको," गुरुपादप्पा म्हणाला. "एवढ्या गर्दीत हिला कोण धरंल?"

वीरेश गाडी काढून पुढच्या घराकडं गेला. अक्षरानं पाण्याची बाटली भुईवर आपटली अन् पाय आपटत शाळेच्या वाटेला लागली. गुरुपादप्पानं बाटली उचलली, धोतरानं पुसली अन् तिच्या मागं निघाला.